फोनचा हिशेब वर्षाचा मांड

चि. भाचीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. नोकरी लागली, हिंजवडीत खोली मिळाली, पहिला पगार खात्यात आला, फार बरं वाटलं. आता तीस हजारांचा फोन हप्त्यावर घ्यावा का, असं तू विचारतेस. घे किंवा नको असं मी सांगणार नाही, पैसा तुझ्या कष्टाचा आहे. पण सांगलीत रिचार्ज आणि रिपेअरिंगचं दुकान चालवताना लोकांचे पैसे फोनपायी कुठे जातात ते मी रोज बघतो. विकत घेताना माणूस पाचशे रुपयांसाठी चार दुकानं फिरतो. नंतरच्या तीन-चार वर्षांत त्याच फोनवर जे जातं ते मात्र कुणी वहीत मांडत नाही. तू मांड, आणि वर्षाच्या हिशेबानं मांड.

तीस हजारांचा फोन तीन वर्षं टिकला तर वर्षाला दहा हजार पडले. पाच वर्षं टिकला तर सहा हजार. म्हणून दुकानात कॅमेरा किती मेगापिक्सेलचा हे विचारण्याआधी विचार, की सिक्युरिटी अपडेट किती वर्षं मिळणार? अपडेट थांबले की फोन चांगला असूनही बँकेच्या व्यवहाराला तो भरवशाचा राहत नाही. दुसरं विचारायचं ते सुट्या भागांचं. दुकानात येणाऱ्या फोनमध्ये सगळ्यात जास्त फुटलेला असतो तो डिस्प्ले. त्याला आम्ही फोल्डर म्हणतो. काच, टच आणि खालचा पडदा एकत्र चिकटलेले असल्यामुळे नुसती काच तडकली तरी बहुतेक वेळा सगळा फोल्डरच बदलावा लागतो. कडेला वळलेला पडदा असेल तर तो आणखी महाग. ओरिजनल फोल्डरचा आकडा ऐकून लोक गप्प होतात, मग कॉपी बसवून घेतात, आणि काही महिन्यांत टच अडकायला लागला की परत येतात. बऱ्याच कंपन्या डिस्प्ले आणि बॅटरीचे दर आपल्या संकेतस्थळावर देतात. फोन घ्यायच्या आधी ते बघ. ज्या फोनचा डिस्प्ले त्याच्या किमतीच्या निम्म्याला जातो, तो फोन मी माझ्या माणसाला घेऊ देणार नाही.

आता हप्त्याचं. 'नो कॉस्ट ईएमआय' असं लिहिलेलं असतं. रिझर्व्ह बँकेनं २०१३ सालीच बँकांना बजावलं होतं, की शून्य टक्के व्याज असं काही नसतं, ग्राहकापासून व्याज लपवू नका. होतं असं, की क्रेडिट कार्डाची बँक व्याज लावतेच, आणि तेवढी रक्कम विक्रेता किंवा कंपनी सूट म्हणून आधी किमतीतून वजा करते. पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो तुझ्या बिलात येतो. समज, व्याज १,८०० रुपये. त्यावर जीएसटी ३२४. प्रोसेसिंग फी २०० धरली तर तिच्यावर आणखी ३६. म्हणजे फुकटच्या हप्त्याचे ५६० रुपये झाले. रक्कम मोठी नाही, मान्य आहे. माझा आक्षेप वेगळा आहे. हप्ता महिन्याला तीन हजार दिसला की वीसचा फोन बघायला गेलेला माणूस तीसचा घेऊन येतो. तुझ्या वयाची कितीतरी मुलं माझ्या काउंटरवर मी अशी पाहिली आहेत, की हप्ता चालू, डिस्प्ले फुटलेला, आणि दुरुस्तीला पैसे नाहीत. शक्य असेल तर अजून पाच-सहा महिने आहे तोच फोन वापर, तेवढा हप्ता स्वतःच्याच खात्यात भर, मग रोख जाऊन विचार, की हप्त्यावर जी सूट देता ती मला सरळ किमतीत द्या. काही दुकानदार देतात.

रिचार्जकडे वळतो, कारण वर्षानुवर्षं न थांबता जाणारा पैसा तो आहे. जुन्या गोष्टी तुला आठवणार नाहीत. भारतात मोबाईलवरचा पहिला कॉल ३१ जुलै १९९५ ला झाला, कोलकात्याहून तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीला दूरसंचार मंत्री सुखराम यांना केला. त्या काळी बोलणाऱ्याला पैसे पडायचेच, ऐकणाऱ्यालाही पडायचे. २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं, आणि तेव्हा कुठे भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांच्या खिशात फोन आला. तेव्हाही सांगलीचं सिम मुंबईत गेलं की रोमिंग लागायचं, कारण महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक सर्कल, म्हणजे फोन सेवेचा विभाग, आणि मुंबई वेगळं. मुंबईत कामाला गेलेला मुलगा घरी नुसता मिस कॉल द्यायचा, पोचलो म्हणून. २००९ मध्ये सेकंदाला एक पैसा असे दर आले, २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला. मग २०१९, २०२१ आणि २०२४ मध्ये दर वाढत गेले. आज गरीब माणसाला नुसता फोन चालू ठेवायला जे द्यावं लागतं, ते मला मनापासून खटकतं. पूर्वी दहा रुपयांचा छोटा रिचार्ज मारून महिना काढणारी माणसं माझ्या दुकानात यायची. आता त्यांना मुदतीचा पॅक घ्यावाच लागतो.

तू एवढं बघ. पॅक बहुधा २८ दिवसांचा असतो. वर्षात महिने बारा, पण २८ दिवसांचे रिचार्ज तेरा होतात. तीनशेचा पॅक असेल तर छत्तीसशे नव्हे, एकोणचाळीसशे. ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामकानं, २०२२ मध्ये कंपन्यांना निदान काही पॅक ३० दिवसांचे आणि दर महिन्याच्या त्याच तारखेचे ठेवायला लावले. ते यादीत असतात, फक्त वर नसतात, शोधावे लागतात. ८४ दिवसांचा किंवा वर्षाचा पॅक घेताना किमतीला दिवसांनी भाग, म्हणजे रोजचा दर कळेल. आणि रोजचा दीड-दोन जीबी तू खरोखर वापरतेस का? ऑफिसात वायफाय, खोलीवर वायफाय, मग उरलेला डेटा रोज मध्यरात्री संपतो. सेटिंगमध्ये महिन्याचा वापर दिसतो. तो बघ, आणि त्यावर पॅक ठरव.

खोलीवर नेटवर्क नसेल तर कंपनी बदलायला कचरू नकोस. जानेवारी २०११ पासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याचा हक्क देशभर आहे. मात्र आधी खोलीतल्या मैत्रिणीचं त्या कंपनीचं सिम घरात दोन दिवस कसं चालतं ते बघ. मग इंग्रजीत पोर्ट लिहून पुढे जागा सोडून तुझा नंबर १९०० ला पाठव, कोड येईल, तो घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जा. कोड साधारण चार दिवस चालतो. शिल्लक पॅक नव्या कंपनीत येत नाही, म्हणून पॅक संपत आला की मगच बदल.

आपोआप कटणाऱ्या पैशांवर नजर ठेव. पूर्वी कॉलर ट्यून आणि क्रिकेटच्या मेसेजपायी लोकांचा बॅलन्स जायचा. गावाकडच्या म्हाताऱ्या माणसांचे असे पैसे गेलेले बघून मला फार राग यायचा. आता ती जागा 'पहिला महिना मोफत' म्हणणाऱ्या ॲपनी घेतली आहे. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेचं पान असतं, तिथे यूपीआयवरून चालू असलेली वर्गणी दिसते. पगाराच्या दिवशी ते पान उघडून नको ते बंद कर. पैसे कटायच्या २४ तास आधी सूचना देणं बँकेला बंधनकारक आहे, तो मेसेज न वाचता पुसू नकोस.

दुसऱ्यानं वापरलेला जुना फोन घ्यायचा ठरवलास तर माझी हरकत नाही, उलट पहिल्या वर्षी तेच बरं. पण पक्कं बिल घे. स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबलं की आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, दिसतो. तो बिलावरच्या नंबरशी ताडून बघ, मग केवायएम ही इंग्रजी अक्षरं आणि पुढे तो नंबर १४४२२ वर पाठव. फोन चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर तिथे कळतं. पैसे त्यानंतर दे.

चार्जर आणि पॉवर बँकेत मात्र काटकसर करू नकोस. रस्त्यावरच्या शंभर रुपयांच्या चार्जरनं चार्जिंगचा जॅक जळालेले आणि बॅटरी फुगून मागचं झाकण उचललेले फोन माझ्याकडे येतात. चार्जरवर आणि पॉवर बँकेवर बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, चिन्ह आणि आर पासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायला हवा. बीआयएस केअर ॲपमध्ये तो क्रमांक टाकला की कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. छापलेलं चिन्ह खोटं असू शकतं, म्हणून ॲपमध्ये बघायचं. फोन उशीखाली ठेवून चार्जिंगला लावू नकोस, उष्णतेनं बॅटरी लवकर मरते.

चार्जर लावून ठेवल्यानं वीजबिल वाढतं, असं तुझ्या घरमालकीणबाई म्हणतात, असं तू लिहिलं आहेस. पाच हजार एमएएचची बॅटरी एकदा भरायला जवळपास वीस वॅट-तास लागतात, नुकसान धरून पंचवीस. म्हणजे एका युनिटमध्ये फोन चाळीस वेळा भरतो, वर्षाला दहा युनिटांच्या आत. तीन किलोवॅटचा गिझर पंधरा मिनिटं चालला तर पाऊण युनिट जातं, त्यात महिनाभर फोन चार्ज होईल. जुना छताचा पंखा पंचाहत्तर वॅट घेतो, बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा तीसच्या आसपास. पंखा रोज पंधरा तास चालत असेल तर दिवसाला जवळपास पाऊण युनिटाचा फरक. खोलीतल्या तुम्ही तिघी मिळून एक चांगला पंखा घ्या, आणि खोली सोडताना तो काढून न्यायची परवानगी घरमालकीणबाईंकडून लेखी घ्या.

बिघाड झालाच तर तोंडी बोलून परत फिरू नकोस. सर्व्हिस सेंटरला फोन देताना जॉबशीटवर, म्हणजे फोन जमा केल्याच्या कागदावर, फोनची अवस्था लिहून घे, समोरच फोटो काढ. वॉरंटीत असलेला फोन पाणी गेलंय म्हणून परत आला आणि हातात आधीचा एकही कागद नाही, अशी माणसं माझ्याकडे हताश होऊन येतात. रिचार्जची तक्रार १९८ वर करायची आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, लिहून ठेवायचा. तिथे दाद मिळाली नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. वस्तूची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर. त्यानंही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. वस्तूसाठी किंवा सेवेसाठी मोजलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर तक्रारीला तिथे शुल्क नाही, वकील लागतोच असंही नाही. मोबाईल कंपन्यांविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येतं हे सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. तू शिकलेली आहेस, अर्ज स्वतः लिहिशील.

आता एक काम सांगतो. आजीचा बटणांचा फोन आहे, नेट ती वापरत नाही, तरी तिच्या नंबरवर वर्षानुवर्षं डेटाचा पॅक पडतोय. ट्रायनं डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना नुसत्या कॉल आणि एसएमएसचे पॅक द्यायला लावले आणि अशा पॅकची मुदत वर्षापर्यंत वाढवली. तिच्या कंपनीचा असा लांब मुदतीचा पॅक कोणता आहे ते शोध. तिची पेन्शन आणि बँकेचे मेसेज त्याच नंबरवर येतात, त्यामुळे नंबर बंद पडून चालणार नाही. सध्याचा पॅक महिनाअखेर संपतोय. त्याच्या आदल्या दिवशी नवा टाक आणि मला कळव, पैसे मी लगेच पाठवतो.

तुझा,
मामा