वेस की शीव? ईमच्या दगडाची गोष्ट

प्रश्न असा आला आहे: इंग्लंडमधल्या ईम गावाच्या प्लेगबद्दलच्या एका लेखाचा मराठी अनुवाद करताना ‘गावकरी वेशीवरच्या दगडावर पैसे ठेवत’ असं लिहिलं. इथे ‘वेस’ बरोबर आहे का?

माझ्या मते इथे ‘शीव’ हवी. वेस म्हणजे गावात शिरण्याचं दार. पूर्वी तिथे खरोखरच दरवाजा असे, रात्री तो लावून घेत. पुण्याची कुंभारवेस त्यातलीच. शीव मात्र घरं संपतात तिथे नसते, गावाची जमीन संपते तिथे असते. शब्द ‘सीमा’वरून आलेला. मुंबईचं शीव हे मुंबई बेट आणि साष्टी यांच्या हद्दीवरचं, म्हणून शीव. नवरी सासरी निघाली की नारळ फोडायचा तोही शिवेवर.

आता ईमचा दगड बघा. डर्बीशरमधलं हे डोंगराळ गाव. 1665 च्या सप्टेंबरात लंडनहून एका शिंप्याकडे कापडाचा गठ्ठा आला, त्यातून पिसवा आल्या आणि प्लेग सुरू झाला, असं सांगतात. पुढच्या जूनमध्ये धर्मगुरू विल्यम मॉम्पेसन आणि त्यांच्या आधीचे थॉमस स्टॅन्ली यांनी गावाला एक गोष्ट पटवली: हद्दीबाहेर कुणी जायचं नाही. प्रार्थना चर्चऐवजी उघड्या घळीत होऊ लागली, ज्याने त्याने आपली माणसं घराजवळच पुरायची असं ठरलं. एलिझाबेथ हॅनकॉक या बाईने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं एकटीने पुरली. मॉम्पेसन यांची पत्नी कॅथरिनही प्लेगने गेली. सुमारे 260 माणसं दगावली.

तो दगड ईम आणि स्टोनी मिडलटन या दोन गावांच्या मध्ये, शेतात आहे. त्याला सहा खळगे आहेत. ईमकर त्यांत व्हिनेगर ओतून नाणी टाकत, शेजारगावचे लोक धान्य ठेवून ती घेऊन जात. घरांपासून लांब, दोन गावांच्या मधली ही जागा मराठीत शीवच.

गावाने स्वतःला असं बंद करून घेतलं, त्यासाठी ‘विलगीकरण’ आणि ‘गावबंदी’ हे दोन्ही पर्यायही तुम्ही सुचवले आहेत. विलगीकरणात आजारी माणूस निरोग्यांपासून वेगळा काढतात, इथे धडधाकट माणसंही आतच राहिली. गावबंदी आपण बाहेरच्यांना करतो. ईमने स्वतःला केली. आपल्याकडे प्लेगमध्ये गाव उठायचं, माणसं रानात झोपड्या घालून राहायची. ईमला तेही करायचं नव्हतं, रोग शेजारी जाऊ नये म्हणून. त्यामुळे मी नाम शोधत बसलो नसतो, क्रियापदच वापरलं असतं: ‘ईमकरांनी शीव ओलांडली नाही.’

आणि गावाचं नाव ‘इयाम’ लिहू नका. तिथले लोक ‘ईम’ म्हणतात.