या वयात बोटं वळतील का?

"मॅडम, पन्नाशीला आल्यावर बोटं वळतात का हो?" जुळे सोलापुरातून आलेल्या त्या बाईंनी माझ्या समुपदेशनाच्या खोलीत खुर्चीत नीट टेकायच्या आतच विचारलं. त्यांना पियानो शिकायचा होता. लेक पुण्याला शिकायला गेली, तिचा ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड घरीच राहिला, धूळ बसू नये म्हणून सोलापुरी चादरीखाली. एका क्लासला त्या दोन महिने जाऊनही आल्या होत्या. शेजारी दुसरीतली पोरं. घरी सासूबाईंचं एकच पालुपद, "आता ह्या वयात काय पेटी बडवायची?" (हे त्यांच्या परवानगीने लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय.)

पहिल्या भेटीत मी "वयाचं काय घेऊन बसलात" छापाचं बोलले. त्या मान डोलावून गेल्या आणि पुढच्या आठवड्यात तोच प्रश्न घेऊन परत आल्या. चूक माझी. धीर द्यायच्या घाईत ऐकायचं राहून गेलं होतं.

मग म्हटलं, पंजा टेबलावर पालथा ठेवा. मधलं बोट आत दुमडा. आता अनामिका उचला. उचलेना. मी माझा हात ठेवला, माझीही उचलेना. बाहेर कामाला बसणाऱ्या २२ वर्षांच्या मुलीला बोलावलं, तिचीही तीच गत. या बोटांचे स्नायुबंध एकमेकांशी जोडलेले असतात, त्यात वयाचा दोष नाही. बाई पहिल्यांदा मोकळ्या हसल्या. (सांधे सुजत असतील, बोट अडकत असेल तर मात्र आधी डॉक्टर.)

बोलता बोलता कळलं की शाळेत असताना त्यांनी पेटीच्या दोन परीक्षा दिल्या होत्या. म्हणजे कान तयार, उजवा हातही बऱ्यापैकी. पण पेटीत डावा हात भाता मारतो, सूर वाजवत नाही. पियानोत त्याला उजव्याइतकंच काम. एक हात जुना विद्यार्थी आणि दुसरा थेट बालवाडीत, आणि बाई दोघांना एकाच वर्गात बसवत होत्या.

खरी गाठ मात्र वेगळीच होती. त्यांनी फोनवर सराव रेकॉर्ड करून आणला. सहा मिनिटं. मी मोजलं, पहिली ओळ १४ वेळा. पाचव्या मापात (धून ज्या छोट्या, सारख्या तुकड्यांत लिहितात त्यातला पाचवा तुकडा) अडलं की पुन्हा पहिल्यापासून. पहिली ओळ घोटून गुळगुळीत झाली होती आणि पाचवं माप तसंच कोरडं. मी विचारलं, "नोकरी कुठे?" पतसंस्थेत, २३ वर्षं. रोज संध्याकाळी रोकड जुळल्याशिवाय टेबल सोडायचं नाही, दहा रुपयांचा फरक आला तरी सगळं पुन्हा मोजायचं. बोलता बोलता त्याच थांबल्या. "अगंबाई, मी घरीपण रोकडच जुळवतेय की!"

मला वाटतं, मोठेपणी शिकणाऱ्यांचा घात बोटांपेक्षा हाच जास्त करतो. दिवसभर ज्यांना चूक परवडत नाही, त्यांना रात्री एक चूक पचत नाही, त्यात शेजारचं पोर पुढे गेलेलं. लहान मूल चुकतं आणि पुढे वाजवतं. त्याला कुणी हिशोब मागितलेला नसतो.

ठरलं ते एवढंच. गर्दीचा क्लास बंद, आठवड्यातून एकदा एका ताईंकडे एकट्याने शिकायचं. रोज २० मिनिटं. रविवारी दोन तास बसून भरपाई चालणार नाही. कानाला हेडफोन, म्हणजे घरात कुणाला कळायचं कारण नाही. सुरुवात पाचव्या मापापासून, आधी नुसता डावा हात, गती निम्मी. आणि दिवसातून एकदा अख्खी धून चुकांसकट शेवटपर्यंत, न थांबता. ८८ पट्ट्यांचा, जड पट्ट्यांचा डिजिटल पियानो घेण्याचं वर्षभर तरी नाव काढायचं नाही, कारण खर्च झाला की पुन्हा हिशोब सुरू.

दोन आठवडे काही जमलं नाही. तिसऱ्या आठवड्यात शिकवणाऱ्या ताईंनी खुर्ची बुटकी असल्याचं पाहिलं. कोपर पट्ट्यांच्या खाली जात होतं, म्हणून मनगट दुखायचं. खुर्ची बदलायची का, असं मी विचारलं.

"नको," त्या म्हणाल्या. "ती चादर आहे ना, तिच्या चार घड्या करून बसते. आता ती झाकायला लागतच नाही."