जर्मनीत बास्केटबॉल खेळायला यायचंय? आधी पगाराचा आकडा बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नागपूर, वय २२, मेकॅनिकलचं शेवटचं वर्ष, उंची १८८ सेंटिमीटर, विद्यापीठाच्या संघातून दोन वर्षं खेळलात. जर्मनीत व्यावसायिक खेळाडू व्हायचंय आणि एक एजंट ट्रायआउट (क्लबची निवड चाचणी) व करार मिळवून देण्याचे तीन लाख रुपये मागतोय. द्यावेत का?

देऊ नका. फिबाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचा, परवाना असलेल्या एजंटांची यादी फिबाच्या संकेतस्थळावर आहे. त्यात नाव नसेल तर पुढे बोलायचं कारण नाही. नाव असलं तरी एजंटाची फी करार झाल्यावर, कराराच्या रकमेवर ठरते आणि बऱ्याचदा ती क्लबच भरतो. ट्रायआउटच्या नावाने आगाऊ लाखो रुपये मागितले की फोन ठेवून द्या.

खरी अडचण मात्र एजंटाची नाही, व्हिसाची आहे. जर्मनीच्या रोजगार नियमावलीत कलम २२ मध्ये व्यावसायिक खेळाडूंची सोय आहे. वय किमान १६ हवं, खेळाच्या महासंघाने तुमची पात्रता मान्य करायला हवी, आणि कर कापण्याआधीचा पगार पेन्शन विम्याच्या कमाल मर्यादेच्या (ज्या पगारापर्यंत विम्याची वर्गणी कापली जाते तिच्या) किमान निम्मा हवा. २०२५ साली ही मर्यादा महिना ८,०५० युरो होती, म्हणजे क्लबने दरमहा किमान ४,०२५ युरो देणं भाग. हा आकडा दर जानेवारीत नव्याने ठरतो. बास्केटबॉलमध्ये पगाराची बोलणी बहुतेक हातात पडणाऱ्या रकमेवर होतात, व्हिसा कार्यालय मात्र करापूर्वीचा आकडा बघतं. करारात दोन्ही लिहून घ्यावे लागतात ते यासाठीच.

आता हा पगार कोण देतो ते बघा. जर्मन लीगांत सगळ्यात वर बुंडेसलिगा, खाली प्रो-आ, मग प्रो-बे, त्याखाली रेगिओनाललिगा, ओबरलिगा आणि पुढची जिल्हा पातळी. बुंडेसलिगात सामन्याच्या बारा जणांत किमान सहा जर्मन असावे लागतात, प्रो-आ आणि प्रो-बेमध्येही जर्मन खेळाडूंसाठी अटी आहेत. उरलेल्या परदेशी जागेवर क्लबला पहिल्या दिवसापासून सामना जिंकून देणारा माणूस हवा असतो, आणि तो बहुधा अमेरिकेत चार वर्षं कॉलेज बास्केटबॉल खेळून आलेला असतो. रेगिओनाललिगातले क्लब खोली, कधी गाडी आणि थोडेफार युरो देतात. त्यावर कलम २२चा व्हिसा होत नाही, क्लबची कितीही इच्छा असली तरी. त्यात जर्मनीने २०२३चा विश्वचषक आणि २०२५चा युरोबास्केट जिंकलाय, त्यामुळे घरचीच पोरं रांगेत उभी आहेत. आपल्याकडून बाहेर गेलेल्यांतला सतनाम सिंग २०१५च्या एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे अमेरिकी व्यावसायिक लीगच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत, ५२वा निवडला गेला, पण तो शाळकरी वयातच फ्लोरिडाच्या अकादमीत गेला होता. बाविसाव्या वर्षी तो रस्ता उरत नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत: मास्टर्सला या आणि रेगिओनाललिगा किंवा ओबरलिगात खेळा. तुमची पदवी इथे तुमच्या जंप शॉटपेक्षा जास्त कामाची आहे. त्यासाठी आधी एपीएस प्रमाणपत्र (तुमची शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचा दाखला) काढा, फी १८,००० रुपये. बऱ्याच विद्यापीठांची हिवाळी सत्राची मुदत १५ जुलै असते, काहींची बरीच आधी संपते. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात) वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. विद्यापीठांची यादी करतानाच शेजारी क्लबांची यादी करा. सामन्यांची वेळापत्रकं आणि गुणतक्ते जर्मन महासंघाच्या संकेतस्थळावर सगळ्यांना बघता येतात, अगदी खालच्या लीगचेसुद्धा.

विद्यार्थी म्हणून वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. इथेच बरेच जण फसतात. क्लब म्हणतो, लहान मुलांना शिकवा, महिन्याला २०० युरो देतो, फक्त बिल पाठवा. बिल पाठवणं म्हणजे स्वतंत्र व्यवसाय, आणि परदेशी नागरिक कार्यालयाच्या परवानगीशिवाय विद्यार्थ्याला तो करता येत नाही. नोकरीचा लेखी करार मागा, नाहीतर आधी परवानगी काढा. प्रशिक्षकाच्या अशा मानधनाला वर्षाला ३,००० युरोपर्यंत करमाफी होती (२०२५चा आकडा). ती शिकवण्याला आहे, खेळण्याला नाही, आणि करमाफी म्हणजे कामाची परवानगीही नव्हे.

जर्मन बऱ्यापैकी येत असेल तर २७ वर्षांखालच्यांसाठी क्लबमधलं स्वयंसेवी वर्ष हाही मार्ग आहे, पण पदवी हातात असताना मी तो दुसऱ्या क्रमांकावर ठेवीन.

खेळाबद्दल. आपल्याकडे १८८चा खेळाडू बऱ्याचदा बास्केटखाली खेळतो. इथे त्याच उंचीचा माणूस गार्ड असतो, म्हणजे बास्केटपासून लांब राहून चेंडू पुढे नेणारा. चार-पाच मिनिटांची चित्रफीत बनवा, पण तिच्यात डंक आणि ब्लॉक भरू नका. दबावाखाली चेंडू पुढे नेणं, डाव्या हाताचा पास, पिक अँड रोलवरचा (साथीदाराच्या आडोशाने होणाऱ्या चढाईवरचा) बचाव दाखवा. सुरुवातीलाच तुमचा जर्सी क्रमांक येऊ द्या. सोबत न कापलेले दोन पूर्ण सामने पाठवा, एक हरलेला असला तरी चालेल. प्रशिक्षक तेच बघतात, कारण चेंडू हातात नसताना तुम्ही काय करता ते तिथेच दिसतं.

भाषेची एक गंमत वाटेल अशी पण महत्त्वाची गोष्ट: इथे ‘ब्लॉक’ म्हणजे उडी मारून फटका अडवणं नव्हे, तर स्क्रीन, म्हणजे बचाव करणाऱ्याची वाट अडवून उभा राहिलेला खेळाडू. मागून कुणी ‘ब्लॉक लिंक्स!’ ओरडला तर डावीकडून स्क्रीन येतोय. हात वर करून उडी मारलीत तर तुमचा माणूस मोकळा सुटलाच. ‘हिल्फऽ’ म्हणजे मदत. एवढे शब्द पहिल्या सरावाआधी पाठ हवेत.

हंगाम साधारण सप्टेंबरअखेर सुरू होतो आणि तयारी उन्हाळ्यातच. ऑक्टोबरमध्ये उतरलात तर संघ ठरलेला असतो. म्हणून मे-जूनमध्येच प्रशिक्षकाला मेल करा: उंची, वजन, संघात खेळण्याची जागा, चित्रफितीचा दुवा, येण्याची तारीख. दहा ओळींच्या वर नको. पहिलं वर्ष क्लबच्या खालच्या, दुसऱ्या संघात काढायची तयारी ठेवा.

सराव शाळांच्या हॉलमध्ये, संध्याकाळी. जमिनीवर बास्केटबॉल, हँडबॉल, व्हॉलीबॉल, बॅडमिंटन अशा सगळ्यांच्या रंगीत रेघा एकमेकींवर, त्यामुळे सुरुवातीला तीन गुणांची रेघच नजरेत बसत नाही. डाग न पाडणाऱ्या सोलचे बूट वेगळे आणा, बाहेरचे बूट घालून आत येऊ देत नाहीत. सामना नसेल त्या दिवशी तुमच्यावर गुणलेखनाच्या टेबलाची पाळी येईल, २४ सेकंदांचं घड्याळ चालवायचीही. ती टाळू नका.

आणि फिबाचं ना-हरकत पत्र. भारतात नोंदणी असलेल्या खेळाडूला ते अगदी खालच्या लीगसाठीही लागतं. नवा क्लब जर्मन महासंघाकडे अर्ज करतो, ते भारतीय महासंघाकडे मागतात. तिकडे कुठल्याही क्लबशी करार चालू असेल तर पत्र अडवता येतं, म्हणून निघण्याआधी तो लेखी संपवा. पासपोर्टवर आहे तसंच नाव, वडिलांच्या नावासकट, क्लबच्या अर्जात भरा. पत्र हातात येईपर्यंत सराव करता येतो, सामना नाही.