मोती सगळ्यात शेवटी

चि. बाळा,
अनेक आशीर्वाद.

डच चित्रकार व्हर्मीरचं ‘मोत्याचं कानातलं घातलेली मुलगी’ हे चित्र नकलायला घेतलंस, उत्तम. फोटो पाहिला. पण मोती आधीच रंगवून मोकळा झालास! मूळ चित्रात तो मोती म्हणजे वर एक झळाळता फटकारा आणि खाली कॉलरचं मंद प्रतिबिंब, बस. अडकवायला कडीसुद्धा नाही. बाकी सगळं मानेवरची सावली करते, आणि तुझ्या चित्रात ती सावलीच नाही.

नवा कॅनव्हास घे. मूळ चित्र ४४.५ बाय ३९ सेंमीचं, तेवढाच पुरे. चौकटी आखून रेखाटन कर, मग अंबर हा तपकिरी रंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून नुसती उजेड-सावली मांड. १६६५च्या सुमारास व्हर्मीरनंही तपकिरी-काळ्या थरांनीच सुरुवात केली होती. इथे घाई नको. नाक बघ: नाकाचा दांडा आणि पलीकडचा गाल यांच्यात रेघच नाही, दोन्ही एकमेकांत मिसळलेत. तू तिथे रेघ ओढलीस, कारण नाकाला कड असते हे तुला ठाऊक आहे. मूळ चित्राचा फोटो आणि कॅनव्हास दोन्ही उलटे ठेवून रंगव, ही खोड जाईल.

पार्श्वभूमी आज काळपट दिसते, पण तिथे मुळात हिरवा पारदर्शक थर होता. मी असतो तर हिरवाच लावला असता. तुझं तू ठरव.

खालचे थर पातळ, वरचे तेलकट. उलटं केलंस तर भेगा पडतात. जळगावच्या मे महिन्यात वरून बोटाला कोरडं लागेल, त्यावर भुलू नकोस. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतो. तेल जवसाचंच, रंगांच्या दुकानातलं. शेंगदाण्याचं वर्षभर ठेवलंस तरी वाळायचं नाही. (हसू नकोस, विचारणारे भेटतात.)

आणि तेलाच्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात फेकू नकोस, त्या आपोआप तापून पेट घेतात. बाहेर एकेक सुटी पसर, नाहीतर पाण्याच्या डब्यात बुडव.

सवड काढून चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस यांचं घर बघून ये. त्या बंगल्याला त्यांनी चित्रकार रेम्ब्राँचं नाव दिलं होतं. त्यांच्या फोटोंत चेहऱ्यावर उजेड कुठल्या बाजूनं येतो, तेवढंच बघ.

चित्रामागे ‘व्हर्मीरवरून’ असं लिही, पुढे सही नको. तपकिरी थर झाला की रंगाला हात लावायच्या आधी फोटो पाठव.

तुझा,
सर