१० बाय १५ च्या हॉलमध्ये सोफा आणि डायनिंग टेबल दोन्ही बसेल का?

तुमचा हॉल १० बाय १५ फुटांचा. घरात तुम्ही दोघं, नऊ वर्षांचा मुलगा आणि गुडघे दुखणाऱ्या सासूबाई. दुकानात एल आकाराचा सोफा आणि सहा खुर्च्यांचं डायनिंग टेबल पसंत पडलंय, दोन्ही घेऊ का, असा तुमचा प्रश्न आहे. माझं उत्तर असं: टेबल जरूर घ्या, पण चार जणांचं. एल सोफा घेऊ नका.

मी गेली चौदा वर्षं ठाणे, डोंबिवली, कल्याण भागात लोकांच्या घरांत सुतारमिस्त्रींसोबत उभी राहून फर्निचरची मापं ठरवते. तरीही माझ्या स्वतःच्या घरात, हे काम सुरू करण्याआधी, मी तुम्ही आता करताय तेच केलं होतं. ५ बाय ३ फुटांचं टेबल आणलं. ज्या शोरूममध्ये ते पाहिलं तिथं छत उंच, भिंती लांब, त्यामुळे ते लहानसं वाटलं होतं. घरी आल्यावर भिंतीकडच्या दोन खुर्च्या मागे सरकेनात. माणूस आधी आत जाऊन बसायचा आणि मग बाकीच्यांना उठवल्याशिवाय त्याला बाहेर येता यायचं नाही. त्या दोन खुर्च्या पुढे सहा वर्षं बेडरूममध्ये कपडे टाकायला वापरल्या. तेव्हापासून मी टेबल मोजायच्या आधी त्याच्याभोवतीची रिकामी जागा मोजते.

जेवायला बसणाऱ्या एका माणसाला टेबलाच्या कडेची २४ इंच रुंदी लागते, म्हणजे शेजारच्याच्या ताटाला कोपर लागत नाही. खुर्ची मागे ओढून उठायला टेबलाच्या कडेपासून ३० इंच हवेत. बसलेल्या माणसाच्या मागून कोणी आमटीचं पातेलं घेऊन जाणार असेल तर ३६ इंच धरा. आता हे तुमच्या हॉलला लावून बघू. हॉलची रुंदी १२० इंच, लांबी १८० इंच. लांब भिंतीला साधा तीनजणांचा सोफा लावला तर तो ८४ इंच लांबी खातो. उरले ९६. चौघांसाठीचं ४ बाय अडीच फुटांचं टेबल त्याच भिंतीला लांब बाजूने चिकटवलं, तर समोर दोघं आणि दोन्ही टोकांना एकेक असे चौघं बसतात. पण टोकाच्या खुर्च्या धरून लांबी ३० अधिक ४८ अधिक ३०, म्हणजे १०८ इंच होते. ९६ मध्ये ती बसत नाही.

तेच टेबल फिरवा. अरुंद बाजू भिंतीला लावा, लांबी हॉलमध्ये येऊ द्या. आता भिंतीलगत ३० इंच टेबल आणि दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांना ३०-३०, एकूण ९० इंच. सोफ्याचे ८४ मिळवले तर १७४. सहा इंच उरतात! टेबल भिंतीपासून ४८ इंच बाहेर येतं, म्हणजे समोर ७२ इंच, पूर्ण सहा फुटांची वाट मोकळी राहते. पाचवा माणूस आला तर बाहेरच्या टोकाला एक स्टूल लावायचं, तरीही ४२ इंच जायला-यायला आहेत. सहाजणांच्या टेबलाने हे गणित कोसळतं, आणि एल सोफा घेतला तर टेबलाचा विचारच सोडावा लागेल. शिवाय एलचा कोपरा फोटोत छान दिसतो खरा, पण त्या कोपऱ्यात बसणाऱ्याचे पाय कुठे जाणार? दोन माणसांची जागा लागते आणि बसतो एकच.

सोफ्याच्या समोरचं आडवं गणितही करून ठेवा. सोफ्याची खोली (पाठीमागून पुढच्या कडेपर्यंत) ३३ इंच, सोफा आणि टीपॉयमध्ये १६ इंच (याहून कमी ठेवलं तर गुडघे आपटतात, जास्त ठेवलं तर कप ठेवायला उठावं लागतं), टीपॉय २० इंच, समोरचं टीव्ही युनिट १५ इंच. बेरीज ८४. मग टीपॉय आणि टीव्हीमध्ये ३६ इंचांची चालायची जागा राहते. टीपॉयची उंची सोफ्याच्या बैठकीएवढी किंवा एखादा इंच कमी ठेवा. (टीपॉयचा चहाशी संबंध नाही, हा शब्द तिपाईवरून आला. मूळची वस्तू तीन पायांची, आपल्या तिवईसारखी. हलकी, उचलून कुठेही नेण्याजोगी. छोट्या घरात तशीच हवी. काचेचा जड टॉप असलेली नको.)

आता सासूबाई. तुम्ही प्रश्नात त्यांचा उल्लेख एका ओळीत केलाय, पण माझ्या मते सगळा निर्णय त्यांच्यापासून सुरू व्हायला हवा. माझ्या बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा आमच्याकडे मऊ, बसका सोफा होता. बैठक जमिनीपासून १५ इंच, आणि बसलं की फोम दबून १३ वर यायची. रोज दोन्ही हातांना धरून आम्ही त्यांना उठवायचो. कोणाच्या मदतीशिवाय उठता येत नाही, हे त्यांना फार लागायचं. त्यांनी हॉलमध्ये बसणंच कमी केलं. तो सोफा मी पुढे विकला, पण ते महिने परत आले नाहीत.

म्हणून सासूबाईंच्या खुर्चीची बैठक, त्या बसल्यावर फोम दबून, १८ ते १९ इंच राहिली पाहिजे. तिला दोन्ही बाजूंना भक्कम हात हवेत, हातावर जोर देऊन उठता यावं म्हणून. बैठकीची खोली २० इंचांच्या आत असावी. हल्ली सोफ्यांची बैठक २४ इंचांपर्यंत खोल येते. पाच फुटांच्या बाईची पाठ तिथं मागे टेकतच नाही आणि पाय अधांतरी राहतात. दुकानात त्यांना घेऊन जा, चपला काढून बसवा आणि मदत न करता उठायला सांगा. तिथं दोनदा उठता आलं तर घरीही उठता येईल.

जेवणाच्या टेबलाजवळही त्यांची खुर्ची हातांचीच, आणि ती बाहेरच्या टोकाकडची. भिंतीकडे त्यांना कोंडू नका. टेबलाची उंची ३० इंच आणि खुर्चीची बैठक १८, म्हणजे मध्ये १२ इंचांचं अंतर, हे जुळलेलं माप आहे. फक्त टॉपखालच्या आडव्या पट्टीकडे लक्ष द्या. मिस्त्रींना तिथं चमच्यांसाठी ड्रॉवर करून द्यायची हौस असते. मग पट्टी सहा इंची होते आणि मांड्या अडकतात. जमिनीपासून पट्टीच्या खालच्या कडेपर्यंत २५ इंच मोकळे ठेवा. काही जण भिंतीकडे खुर्च्यांऐवजी बाक सुचवतील. जागा वाचते, मुलांना आवडतं, पण पाठ नसलेल्या बाकावर म्हाताऱ्या माणसाला जेवायला बसवू नये.

सोफ्याला पर्याय म्हणून मी दिवाण सुचवेन. ६ बाय अडीच फुटांचा, खाली १४ इंचांचं खोकं आणि वर चार इंचांची गादी, म्हणजे बैठक बरोबर १८ वर येते. लोड-तक्के भिंतीला लावले की बसता येतं, मुलाला मांडी घालून अभ्यास करता येतो, पाहुणा आला तर झोपतो, आणि खोक्यात जास्तीच्या चादरी, सतरंज्या जातात. सोफ्यापेक्षा लांबीत १२ इंच वाचतात तेही आहेच. आपल्याकडे हळदीकुंकू असो की गणपती, चार माणसं आली की जमिनीवरच बसायची वेळ येते, तेव्हा मधली जागा पटकन मोकळी झाली पाहिजे. म्हणून भिंतीत ठोकलेलं काहीही करू नका.

लाकडाबद्दल थोडक्यात. सागवान परवडलं तर उत्तम. प्लायवूड घेणार असाल तर टेबलासाठी बीडब्ल्यूआर ग्रेडचं, म्हणजे उकळत्या पाण्यालाही टिकणारं मागा, त्यावर आयएस ३०३ या भारतीय मानकाचा शिक्का असतो. फक्त दमटपणा सोसणारा एमआर ग्रेडही त्याच क्रमांकाखाली येतो, म्हणून ‘बीडब्ल्यूआर’ ही अक्षरं वाचूनच घ्या. पार्टिकल बोर्डाचे पाय रोज ओल्या फडक्याने फरशी पुसताना तळाशी फुगतात, पावसाळ्यात तर लवकर. कुठल्याही लाकडाच्या पायांना खाली बुश लावून घ्या. संगमरवरी टॉप दिसायला सुंदर असतो, पण लिंबू, कोकम, चिंच सांडली की त्याची चमक जाते आणि हळदीचा डाग राहतो. आपल्या जेवणाला सनमायकाच बरा, फिकट पांढरा सोडून.

आणि पैसे भरण्याआधी एक काम करा. तुमची फरशी २ बाय २ ची असेल तर मोजणं सोपंच आहे. खडूने टेबल, दिवाण, टीपॉय जमिनीवर आखा. खुर्च्या मागे ओढलेल्या अवस्थेत आखा. मग आठ दिवस घरातल्या सगळ्यांनी त्या रेघा न ओलांडता वावरायचं: दार उघडायचं, झाडू मारायचा, मुलाने दप्तर टाकायचं. जिथं सतत रेघेवर पाय पडतो तिथं माप कमी करा. लिफ्टचं दार आणि जिन्याचं वळणही मोजून घ्या, आणि टेबलाचे पाय बोल्ट काढून वेगळे होणारे घ्या.

तुमचं स्वयंपाकघराचं दार कुठल्या भिंतीत आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. टेबलासमोरच्या लांब भिंतीत असेल तर वरचं सगळं जसंच्या तसं लागू. ते टेबलाच्याच भिंतीत असेल तर दिवाण आणि टेबलाची भिंत बदलावी लागेल. दार आणि खिडकी दाखवणारं हाताने काढलेलं साधं रेखाटन टाका, मी मापं लिहून देते.