ओरिझोंतेची नक्कल करताय? आधी क्षितिज पकडा

पहिल्या नकलेसाठी यान फ्रान्स व्हान ब्लूमेन (१६६२–१७४९) निवडलात, छान केलंत. अँटवर्पचा हा चित्रकार रोममध्ये स्थायिक झाला आणि दूरवरच्या निळसर डोंगरांमुळे ‘ओरिझोंते’, म्हणजे क्षितिज, याच नावाने ओळखला गेला. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा.

कॅनव्हासवर पातळ तपकिरी हात मारून वाळू द्या. मग तीनच पट्टे पाडा: पुढे गडद तपकिरी, मध्ये हिरवा, मागे फिकट निळा. डोळे किलकिले करून पाहिलंत तर मूळ चित्रातही ते दिसतील. माझ्या पहिल्या नकलेत डोंगर इतके गडद झाले की झाडांच्या पुढे येऊन बसले. तो निळा तुम्हाला वाटतो त्याहून बराच फिकट असतो.

नवखे हमखास इथे चुकतात:

- पहिल्याच दिवशी पानं काढायला बसतात. झाड म्हणजे आधी एक काळसर ढीग. पानं फक्त उजेडाच्या कडेला.
- ट्यूबमधला हिरवा तसाच लावतात. चिमूटभर बर्न्ट अंबर (गडद तपकिरी रंग) मिसळा, भडकपणा लगेच निवतो.
- मेंढपाळ मोठे काढतात. दोन फुटी कॅनव्हासवर बोटाच्या पेराएवढे पुरेत.

ग्लेझिंग, म्हणजे वाळलेल्या रंगावर पारदर्शक रंगाचा पातळ थर देणं, आत्ता डोक्यातून काढा. पट्टे जमले की फोटो दाखवा, झाडांकडे मग वळू.