सोडले तर मी फसवणारी ठरेन का?

सांगलीत समुपदेशन करताना गेल्या काही वर्षांत साखळी पद्धतीने माल विकणाऱ्या कंपन्यांत अडकलेल्या माणसांचा एक प्रश्न माझ्यासमोर वेगवेगळ्या तोंडून पुन्हा पुन्हा आला आहे. कधी तो कुपवाडच्या कारखान्यातील पाळी संपवून संध्याकाळी बॅग खांद्याला लावणारा तरुण विचारतो, कधी निवृत्तीचे पैसे हाती आलेले गृहस्थ विचारतात, पण बहुतेक वेळा घर सांभाळून संसाराला हातभार लावू पाहणाऱ्या स्त्रिया विचारतात. "मॅडम, कंपनीचा माल घरोघर विकते, माणसं जोडते, पण हातात काही पडत नाही. हे मला कळतंय, तरी सोडता येत नाही." या वाक्यातील 'हे मला कळतंय' या शब्दांकडे घरच्यांचे लक्ष जात नाही. त्यांना वाटते की आपल्या माणसाला कळलेलेच नाही, म्हणून ते समजावत राहतात, मग चिडतात आणि शेवटी टोमणे मारू लागतात. ज्याला आधीच कळलेले असते त्याला पुन्हा पुन्हा समजावण्याने फक्त एकटेपण वाढते.

अशाच एका स्त्रीची हकीकत मी येथे सांगत आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि त्यांचा उल्लेख मी नुसता 'ताई' असा करणार आहे. अनेक भेटींतील बोलणे थोडक्यात आणले असले, तरी त्याचा आशय तोच ठेवला आहे.

ताई चाळिशीच्या जवळ आलेल्या, पती एका फौंड्रीत नोकरीला, मुलगा बारावी विज्ञान शाखेत. झोप लागत नाही म्हणून त्या त्यांच्या डॉक्टरांकडे गेल्या होत्या आणि डॉक्टरांनी त्यांना माझ्याकडे पाठवले. झोपेची तक्रार विचारत गेल्यावर असे दिसले की ती महिनाअखेरीस वाढते. त्या दिवसांत त्यांना जोडून घेणाऱ्या वरच्या साखळीतील 'सरांचा' फोन येई, या महिन्याचे पॉइंट (खरेदीवर मिळणारे गुण) कमी पडत आहेत आणि खरेदी केली नाही तर आयडी, म्हणजे साखळीतील सभासदत्व, बंद पडेल असे ते सांगत, आणि ताई पतीला न सांगता साधारण तीन हजारांचा माल उचलत. जाऊ, मावसबहीण, बचत गटातील शेजारीण अशी काही माणसे त्यांनी आपल्या खाली जोडली होती. बाकी वेळ त्या वान्लेसवाडी आणि विश्रामबागच्या गल्ल्यांतून दुपारी दारोदार फिरत.

मी त्यांना हिशोबाची वही आणायला सांगितली. वहीत आलेले कमिशन नीट तारीखवार लिहिलेले होते, परंतु दरमहाची खरेदी कुठेच नव्हती. कारण विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "तो खर्च नाही धरायचा, ती गुंतवणूक आहे, असं मीटिंगमध्ये सांगतात." आम्ही दुसरा रकाना आखला आणि त्यात खरेदी, पेट्रोल, कोल्हापूर-पुण्याच्या सेमिनारची तिकिटे आणि तिथला राहण्याचा खर्च भरला. दीड वर्षात घरातून गेलेले पैसे आलेल्या पैशांच्या कितीतरी पट निघाले. ताईंनी आकडा शांतपणे पाहिला. त्यांना तो नवा नव्हताच.

नंतर मी त्यांना लोकांना दाखवतात तो 'प्लॅन' मलाही दाखवायला सांगितले. त्यांनी सरावाने कागदावर वर्तुळे काढली: तुम्ही सहा जण जोडा, ते प्रत्येकी सहा जोडतील. मी त्यांनाच पुढे गुणत जायला सांगितले. आठव्या पायरीला १६,७९,६१६ माणसे लागली आणि नवव्या पायरीला १,००,७७,६९६. २०११ च्या जनगणनेत संपूर्ण सांगली जिल्ह्याची लोकसंख्या २८,२२,१४३ होती. म्हणजे तान्ह्या मुलांसह अख्खा जिल्हा जोडला तरी नववी पायरी भरत नाही, आणि साखळी कुठेही थांबली तरी सर्वांत खालच्या पायरीवर उभी असलेली माणसे वरच्या सगळ्यांहून संख्येने जास्त असतात. ताई म्हणाल्या, "गणित बरोबर आहे मॅडम. पण सर म्हणतात, मनापासून करतात तेच टिकतात."

बहुतेक कुटुंबे याच टप्प्यावर अडकतात. त्यांना वाटते की आणखी थोडे गणित दाखवले की माणूस शुद्धीवर येईल. माणूस बुडीत व्यवहाराला का चिकटून राहतो याचा मानसशास्त्रात चांगला अभ्यास झालेला आहे. हॅल आर्क्स आणि कॅथरिन ब्लूमर या अमेरिकी संशोधकांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात नाटकांच्या हंगामाचे तिकीट काहींना पूर्ण किमतीत, तर काहींना सवलतीत देण्यात आले होते. पूर्ण किंमत मोजलेल्यांनी हंगामाच्या पहिल्या भागात अधिक नाटकांना हजेरी लावली, कारण पैसे जास्त गेले होते. हे ताईंनाही लागू होते, परंतु पुरेसे नव्हते. गेलेल्या पैशाचे त्यांना वाईट वाटत होते, पण झोप त्या पैशाने उडालेली नव्हती.

म्हणून मी पैशाचा विषय बाजूला ठेवला आणि एक साधा प्रश्न विचारला. "हल्ली कोणत्या रस्त्याने जाणं तुम्ही टाळता?" ताई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग त्यांनी सांगितले की भाजीला जाताना त्या लांबून वळसा घालून जातात, कारण जवळच्या गल्लीत बचत गटातील त्या शेजारणीचे घर आहे. तिने गटाचे कर्ज उचलून कंपनीचा पहिला माल घेतला होता आणि तो अजून तिच्या पलंगाखाली पडून होता.

"ती काही बोलली का तुम्हाला?"

"नाही, काहीच बोलत नाही. म्हणूनच जाववत नाही."

त्यानंतर जे बाहेर आले, त्यासाठीच बहुधा इतक्या भेटी लागल्या होत्या. कंपनीच्या पावडरीचा गुण दाखवण्यासाठी ताई लोकांच्या घरी एक प्रयोग करून दाखवत. ग्लासभर पाण्यात आयोडीनचे थेंब टाकायचे, पाणी तपकिरी झाले की ही शरीरातील घाण असे सांगायचे आणि पावडर घालून ते पाणी स्वच्छ करून दाखवायचे. एके दिवशी त्या घरी सराव करत असताना मुलाने पाहिले आणि तो सहज म्हणाला, "आई, त्यात लिंबू पिळलं तरी रंग जाईल. क जीवनसत्त्वाने आयोडीनचा रंग जातो, त्याचा शरीरातल्या घाणीशी काय संबंध?" त्याने लिंबू पिळून दाखवलेही. ताई हे सांगताना माझ्याकडे पाहत नव्हत्या. "त्यानंतरही मी तो प्रयोग केला, मॅडम. त्या शेजारणीच्या घरी तर लिंबाच्या दुसऱ्या दिवशी केला."

मी काही बोलले नाही. दिलासा देण्याची घाई अशा वेळी टाळावी, असे माझे ठाम मत आहे, कारण घाईने दिलेला दिलासा समोरच्याला असे सुचवतो की ही गोष्ट ऐकण्याइतकी तुमची तयारी नाही. थोड्या वेळाने ताई स्वतःच म्हणाल्या, "मी आता सोडलं तर माझ्याच तोंडाने कबूल केल्यासारखं होईल, की मी त्यांना फसवलं. करत राहिले तर निदान म्हणता येतं, की अजून चालू आहे, होईल काहीतरी."

त्या क्षणी मला ताईंच्या वहीचा खरा अर्थ उमगला आणि तो मी त्यांना तेथेच सांगितला. दरमहाचे तीन हजार त्या मालासाठी देतच नव्हत्या. 'मी फसवणारी आहे' हा स्वतःवरचा निकाल आणखी एक महिना पुढे ढकलण्यासाठी त्या ते पैसे भरत होत्या. वरचे सर महिनाअखेरीस आयडीची मुदत वाढवून देत असतील, पण ताई मात्र आपल्या सुनावणीची तारीख वाढवून घेत होत्या. ताई रडल्या, आणि मग मला म्हणाल्या की हेच आहे.

माझ्या कामाचा पाया अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर आहे, आणि या ठिकाणी तिचा जितका उपयोग होतो तितका दुसऱ्या कशाचा झालेला मी पाहिलेला नाही. एलिस यांचे म्हणणे असे की माणसाच्या कृतीचे मूल्यमापन अवश्य करावे, पण त्यावरून संपूर्ण माणसावर शिक्का मारू नये. ताईंनी रंगाच्या प्रयोगाबाबत केले ते चुकीचे होते, आणि मी ते चुकीचे नाही असे एकदाही म्हटले नाही. परंतु 'मी चुकीचे वागले' आणि 'मी फसवी बाई आहे' ही दोन वेगळी वाक्ये आहेत. पहिल्या वाक्यानंतर करण्यासारखे काहीतरी उरते. दुसऱ्यानंतर फक्त लपणे उरते. निकाल स्वतःवर लागणार असेल तर कोणीही तो पुढे ढकलेल. तो फक्त एका कृतीवर लागणार असेल तर माणूस तिची भरपाई कशी करायची याचा विचार करू लागतो.

एलिस यांनी आपल्या तरुणपणाची एक गोष्ट सांगितली आहे. स्त्रियांशी बोलण्याची भीती घालवण्यासाठी त्यांनी एकोणिसाव्या वर्षी न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानात महिनाभर रोज जाऊन शंभरावर अनोळखी स्त्रियांशी बोलण्याचा प्रयत्न केला. त्यातून भेटीला होकार एकच मिळाला आणि तीही आली नाही, पण नकाराने आपले काही बिघडत नाही हे त्यांना पटले. मी ही गोष्ट ताईंना सांगितली तेव्हा त्या पहिल्यांदाच हसल्या. "नकाराचं मला शिकवू नका, मॅडम. दीड वर्ष लोकांनी तोंडावर दारं लावली आहेत."

ते अगदी खरे होते, आणि मला हवे होते तेच त्या बोलल्या होत्या. मी म्हटले, "म्हणजे अनोळखी दारात उभं राहण्याचं धैर्य तुमच्याकडे आहे. मग तीन ओळखीच्या दारांत उभं राहण्याचं का नसावं?"

कंपनीत दाखल झाल्यावर पहिल्याच आठवड्यात ताईंकडून ओळखीच्या माणसांची यादी करून घेतली होती. आता आम्ही दुसरी यादी केली. ज्यांनी ताईंच्या शब्दावर पैसे घातले त्यांचीच नावे तिच्यात होती, आणि त्यांच्याकडे बॅग न घेता जायचे होते. सर्वांत सोपे दार जावेचे होते, मग तासगावची मावसबहीण आणि शेवटी शेजारीण.

जाऊ म्हणाली की तिला केव्हाच सोडायचे होते, ताईंना वाईट वाटेल म्हणून ती थांबली होती. मावसबहिणीने विषय बदलला. शेजारीण मात्र बोलली, मनात साठलेले सगळे बोलली, आणि ताई ते उभ्याने ऐकून परत आल्या. पुढच्या भेटीत त्या म्हणाल्या, "तिने माफ केलं नाही. पण मला रात्री झोप लागली." शेजारणीचे पूर्ण कर्ज स्वतः फेडण्याची त्यांची इच्छा मी थोडी रोखली, कारण तो पुन्हा स्वतःला दिलेला दंड झाला असता. त्याऐवजी त्यांनी न वापरलेला माल परत घेण्याबाबत दोघींच्या वतीने कंपनीला लेखी अर्ज केला, सगळा नाही पण बराच माल परत गेला, आणि उरलेल्या रकमेचा अर्धा भार ताईंनी हप्त्याने उचलला. हे सगळे पतीला सांगून झाले, ही माझ्या दृष्टीने त्यातील मोठी गोष्ट होती.

येथे काही गोष्टी प्रत्येकाला ठाऊक हव्यात. घरोघरी माल विकणे हे लाजिरवाणे काम नाही आणि थेट विक्री बेकायदा नाही. २८ डिसेंबर २०२१ रोजी ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियम अधिसूचित झाले. त्यांनुसार थेट विक्रीच्या नावाखाली पिरॅमिड योजना किंवा पैसा फिरवण्याची योजना, म्हणजे माल विकण्याऐवजी नवी माणसे जोडण्यावरच कमाई देणारी योजना, चालवता येत नाही; विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय कोणाच्या घरी जायचे नाही; आणि करारात ठरावीक मुदतीत माघार घेण्याची तसेच विकण्याजोगा माल परत घेण्याची तरतूद असावी लागते. पैसा फिरवण्याच्या योजनांवर तर १९७८ च्या कायद्याने बंदीच आहे. परत घेण्यास कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. आपण कुठल्या प्रकारच्या कामात आहोत हे तपासण्यासाठी मी एकच प्रश्न विचारायला सांगते: माझी मिळकत साखळीबाहेरच्या गिऱ्हाइकाच्या खिशातून येते, की माझ्या खाली जोडलेल्यांच्या खरेदीतून?

घरच्यांना माझी विनंती आहे की 'तुझी कंपनी' असा उल्लेख करणे थांबवावे. मीटिंगमध्ये या लोकांना आधीच सांगितलेले असते की घरचे नकारात्मक बोलणार, त्यामुळे तुमचा प्रत्येक टोमणा वरच्या सरांचे भाकीत खरे करतो. निकाल देण्याऐवजी हिशोबाला सोबत बसावे, खर्चाचा रकाना आखायला मदत करावी आणि आकडा आल्यावर गप्प राहावे. महिनाअखेरीचा फोन येईल तेव्हा शेजारी बसलेले असावे, आणि "या महिन्यात मी खरेदी करणार नाही, कारण सांगणार नाही" एवढे म्हणण्याचा सराव आधी घरीच करून घ्यावा. कारण सांगितले की त्यावर उत्तर तयार असते.

आणि ज्यांना दारात उभे राहायचे आहे ते मला नेहमी विचारतात की नेमके बोलायचे काय. तीन वाक्ये पुरतात. मी हे काम सोडले आहे. तुम्हाला सांगितलेले अमुक एक खरे नव्हते, आणि ते मला अमुक वेळी कळले. तुमचा माल परत करायला मी येईन आणि अर्ज आपण मिळून लिहू. आपली बाजू मांडणारे चौथे वाक्य समोरच्याने विचारल्याशिवाय बोलू नये.